माक्याचं तेल

तिसगावच्या सप्ताहात शनिवारचं कीर्तन आणि रविवारचा काला, दोन्ही सेवा निकिताताईंकडे होत्या. उतरायची सोय दरवर्षीप्रमाणे रंगुबाईंच्या घरी. शनिवारी दुपारी निकितानं पाय धुतले, चहा घेतला, आणि तेवढ्यात रंगुबाई आतून काचेची बाटली घेऊन आल्या. बाटलीत काळपट हिरवं तेल होतं.

“माका हाय बांधावरचा,” रंगुबाई म्हणाल्या. “मागल्या साली फेटा सोडताना तुमचा भांग बघितला मी. तवाच ठरवलं, ताईंच्या डोस्क्याला माझ्या हातचं तेल लावायचं. आख्खा दिवस कढवलंय.”

मागच्या दिवाळीत रंगुबाईंना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवा हात अजून थरथरत होता. त्या हातानं माका वाटला, त्याच हातानं चुलीवरचं तेल ढवळलं.

नगरच्या डॉक्टरीणबाईंनी भिंगातून टाळू बघून सरळ सांगितलं होतं. हा कोंडा कोरडा नाही, तेलकट आहे. तेल घातलं की चार घटका बसतो, मग दुप्पट उठतो. कपाळावरच्या पुटकुळ्याही त्यातल्याच. तीन महिने डोक्याला तेलाचा थेंब नको, आठवड्यातून दोनदा औषधाचा शाम्पू पाच मिनिटं ठेवून धुवा, ओल्या केसांवर फेटा बांधू नका. “भांगाजवळ विरळ झालंय ते अजून भरून येईल. पण असंच चालू राहिलं, तर पुढं माझ्याही हातात काही राहणार नाही.”

शाम्पूचं जमलं, फेट्याचंही जमलं. जमत नव्हतं ते तेल चुकवणं. कीर्तनकार बाई घरी उतरली की तिच्या डोक्यावर तेल जिरवून तिला न्हाऊ घालायचं, ही गावोगावच्या आयाबायांची सेवा. त्यांना नाही म्हणायचं कसं? तीन महिन्यांची मोजणी निकितानं आजवर तीनदा नव्यानं सुरू केली होती. या खेपेला मात्र एकोणसत्तर दिवस निभावले होते. भांगाच्या कडेला बारीक लव दिसायला लागली होती. सकाळी ती मोबाईलच्या कॅमेऱ्यात ती लव निरखायची आणि संध्याकाळी मांडवात देह नाशवंत आहे म्हणून सांगायची. तिचं तिलाच हसू यायचं, पण बघणं सुटत नव्हतं.

“मावशी, डॉक्टरांनी तेल बंद केलंय मला.”

“डागदरीणबाईचे केस किती लांब हायत?”

“खांद्यापर्यंत.”

“मग?” रंगुबाईंनी बूच काढलं.

निकितानं घाईघाईनं सांगितलं, “आज शनिवार आहे. शनिवारी मी डोक्याला तेल लावत नाही.”

रंगुबाई थबकल्या. “व्हय की. शनवारचं मारुतीला. माझ्या ध्येनातच न्हाई आलं.” त्यांनी बूच परत लावलं.

शेजारी मृदंगाच्या वाद्या आवळत बसलेला तिचा भाऊ रविराज हळूच म्हणाला, “आणि उद्या काय सांगशील? डोक्याला सुतक आलंय म्हणून?”

त्या संध्याकाळी कीर्तन रंगलं. बोलता बोलता निकिता म्हणाली, “देवाला काय कमी आहे हो? पण भाबड्या हातानं दिलेलं तो कधी परत करत नाही.” मांडव टाळ्यांनी भरून गेला. बायकांमध्ये पुढं बसलेल्या रंगुबाई पदरानं डोळे टिपत होत्या. त्यांना बघून निकिताला आपलं वाक्य मागं घ्यावंसं वाटलं.

रविवारी सकाळी अंगणात पाट मांडलेला होता. काल्याला निघालेल्या सात-आठ बायका ताईंच्या दर्शनाला येऊन बसल्या होत्या. पाटाशेजारी बाटली.

“मावशी, खरंच नको. मला त्रास होतो त्यानं.”

“काल तुमीच म्हनला न्हवं, देव परत करत न्हाई म्हनून?” रंगुबाईंचा आवाज एकदम बारीक झाला. “का माझ्या या हाताचं चालत न्हाई तुमाला?”

बायकांच्या नजरा निकिताकडं वळल्या. निकितानं रविराजकडं बघितलं, तो मान खाली घालून पायातली चप्पल नीट करत होता. ती पाटावर बसली आणि तिनं वेणी सोडली.

कोमट तेल टाळूवर पडलं. कानामागून उतरलं, कपाळावरून भुवईत शिरलं. थरथरती बोटं केसांतून फिरत होती, आणि त्या बोटांत माया अशी होती की निकिताचे डोळे आपोआप मिटले. एकोणसत्तर, सत्तर, असं मनात आलं आणि तिथंच थांबलं.

मग बोटंही थांबली.

तिनं डोळे उघडले. समोरच्या भिंतीला टांगलेल्या आरशात रंगुबाई दिसत होत्या. त्यांच्या तळव्यात केसांचा झुपका आला होता, चांगला मूठभर. त्या त्याच्याकडं बघत राहिल्या. तोंडाचा रंग उतरला होता. मग कुणाला दिसायच्या आत त्यांनी तो गुंडाळला, पदराच्या टोकात घातला आणि गाठ मारली.

“झालं,” त्या म्हणाल्या. “हात जरा जोरात लागला का गं लेकरा?”

“नाही मावशी. बरं वाटलं.”

न्हायला वेळच उरला नाही, मांडवातून बोलावणं आलं. निकितानं तेलकट केसांवर तसाच फेटा बांधला. कीर्तन झालं, हंडी फुटली, ती काल्याचा प्रसाद वाटायला उभी राहिली. बायकांनी ओळीनं पदर पसरले. रंगुबाईंची पाळी आली तेव्हा त्यांनी पदर खांद्यामागं सारला आणि नुसते हात पुढं केले.

“पदर पसरा की,” मागची म्हणाली, “सांडंल समदं.”

“पदर खरकटा हाय माझा,” रंगुबाई म्हणाल्या. त्यांनी वर बघितलं नाही.

ओंजळ हलत होती, दह्यातल्या लाह्या बोटांमधून खाली पडत होत्या. निकितानं एक हात त्यांच्या ओंजळीखाली धरला आणि दुसऱ्या हातानं आणखी थोडा काला घातला. फेट्याखालून तेलाचा एक ओघळ तिच्या गालावर आला. पुसायला हात मोकळा नव्हता.