उसन्या बापांच्या वाडीचा खांब

मी सीमेवरचा खांब बोलतोय. कमरेइतका उंच, सिमेंटचा. माझ्याकडून मायेची अपेक्षा ठेवू नका. दिसलं तेवढं सांगतो.

उत्तर बंगालातल्या कुचबिहारमध्ये संस्थानाची हद्द म्हणून मला पुरलं. देशाची हद्द मी नंतर झालो. चहूकडे भारत, आणि या एवढ्याशा वाडीपुरता नकाशात दुसरा देश. आधी पाकिस्तान, मग बांगलादेश. त्यांचा एक शिपाईसुद्धा इथे फिरकला नाही.

पंधरा ऑगस्ट सत्तेचाळीसला म्हणे सगळं बदललं. त्या सकाळी माझ्यावर कुणाची तरी लुंगी वाळत होती. सोळा डिसेंबर एकाहत्तरला पलीकडे फटाके वाजले. इथे भात झोडपत होते. चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात अशा वाड्यांची अदलाबदल करायचा करार झाला. मग माणसं वाट बघत म्हातारी झाली.

वाडीत शाळा नव्हती. शाळा पलीकडे, भारतात. तिथे नाव घालायचं तर बाप भारतातला हवा. म्हणून इथले लोक बाप उसना आणत. आफसार अलीची मुलगी मोर्शेदा शाळेच्या वयाची झाली, तेव्हा त्याने पलीकडच्या जब्बार मियाँचं नाव मागितलं.

जब्बार माझ्यावर बसून विडी ओढत हसला. "घे की! सरकारदरबारी मला अकरा लेकरं आहेत. घरवाली अजून विचारते, बाकीची कुणापासून?"

आफसार रोज पोरीला माझ्यापर्यंत सोडायचा आणि विचारायचा, "बापाचं नाव?" 'आफसार' म्हटलं की चापट. 'जब्बार मियाँ' म्हटलं की त्याची मान हलायची, आणि पोर पलीकडे जायला मोकळी.

कॉलेजात गेल्यावर तिच्या जिभेला धार आली.

"तुम्ही म्हातारे नुसते वाट बघत बसलात, अब्बा."

"शिकलीस ना, माय?"

"शिकले. दुसऱ्याची मुलगी म्हणून!"

दोन हजार पंधराच्या एक ऑगस्टला वाडी भारतात आली. सकाळी तिरंगा चढला. नवीन नागरिकांच्या नोंदणीसाठी एक बाई आल्या. माझ्या शेजारीच, फणसाखाली टेबल लागलं. मोर्शेदाने बापाला नवी लुंगी नेसायला लावून जवळ उभं केलं.

"आज मी तुमचं नाव सांगणार. पान थुंका आधी. ताठ उभे राहा."

बाईंनी मान वर न करता विचारलं, "नाव?"

"मोर्शेदा खातून."

"बापाचं नाव?"

"जब्बार मियाँ."

कुणी हसलं नाही. गर्दीतल्या जब्बारने विडी विझवली. आफसारची मान सवयीने हलली: बरोबर.

मग त्याला कळलं, आणि मान तशीच थांबली.

"खोडा ते!" मोर्शेदा ओरडली. "हे बघा, हे उभे आहेत, हे माझे..." तिने बापाचा हात धरून त्याला टेबलापुढे ओढलं.

"शाळा-कॉलेजच्या दाखल्यांवर कुणाचं नाव आहे?" बाईंनी विचारलं.

तिने गर्दीतल्या जब्बारकडे बघितलं.

"मग कोर्टात जावं लागेल. पुढचे कोण?"

तिने वकील गाठला आहे. तारखा पडताहेत. मला उपटायचंही ठरलंय. उपटा, मला काही दुखत नाही. पण मोर्शेदा रोज सकाळी इथे येते, कुणी नाही असं बघते आणि मोठ्याने म्हणते, "आफसार अली." मधेच अडखळते, पुन्हा पहिल्यापासून म्हणते. तिचं पाठ होईपर्यंत थांबता आलं, तर थांबा.