पांढऱ्या झालरीचं आमिष

सप्टेंबर अर्धा सरला की अलाबामातल्या त्या तलावाचं वरचं पाणी निवू लागतं. त्या वर्षी जन्मलेले बोटभर शॅड मासे थव्यांनी ओढ्यांकडे सरकतात आणि त्यांच्या मागोमाग त्यांना खाणारे मोठे बास मासे. अशा वेळी मोठं, भडक आमिष टाकणारा दिवसभर नुसतं पाणी घुसळतो. म्हणून मासे पकडण्याच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी सरावाला वर्लनने आपल्याकडचं सगळ्यात छोटं आमिष लावलं. पुढे गरगरणारी पत्र्याची चकती, मागे गळ झाकणारी पांढरी रबरी झालर.

सरावात मासे पकडायचे नसतात. त्याने पकडीने गळाचं टोक कापून टाकलं होतं. बास झडप घाली, दोरी ताणली जाई आणि तो निसटे. न दुखावता, उद्यासाठी शाबूत.

"उद्या डूईची चांगली जिरणार," तो म्हणाला.

"मावसभाऊ आहे तुझा," मागे बसलेली त्याची बायको नादीन म्हणाली. "त्याने जोडीदार बदलला, कुणी बायको पळवल्यासारखा काय करतोस?"

"बायको पळवली असती तर परवडलं असतं."

"ऐकू येतंय मला."

इतकी वर्षं ही जोड्यांची शर्यत डूई वर्लनबरोबरच खेळला होता. यंदा टायरच्या कारखान्यातला कुणी मार्कस नावाचा पोरगा त्याच्या बोटीत असणार होता. "तुझा गुडघा दुखतो ना, म्हटलं तुला आराम मिळेल," असं डूईने वर सांगितलं होतं. तेव्हापासून वर्लनचा गुडघा खरंच दुखत होता.

संध्याकाळी डूई अंगणात हजर.

"म्हाताऱ्या, छोटं पांढरं आहे का एखादं? माझी सगळी मोठीच निघाली."

"त्या पोराकडे नाहीये?"

"त्याला काय कळतंय! शिकवतोय त्याला."

शिकवतोय. वर्लनचा हात डब्यात गेला. चांगली दोन होती. त्याने ओलं, गळ कापलेलं उचललं, झालर नीट सारखी केली आणि दिलं. नादीन खिडकीतून बघत होती.

सकाळी एकाच ओढ्याच्या दोन काठांना दोन्ही बोटी आल्या; वर्लनच्या बोटीत यंदा जोडीला नादीन होती. वर्लनला मासा लागत होता, पण त्याचं लक्ष पलीकडे. डूईची काठी वाकली. सरळ झाली. पुन्हा वाकली, पुन्हा सरळ. वर्लनला आतून गुदगुल्या झाल्या.

मग डूईने आमिष वर ओढून झालर बाजूला केली आणि जोरात हसला. मार्कसही हसला. दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात आपटत इतके हसले की त्यांची बोट डुलायला लागली.

"वर्लन! सरावाचं दिलंस की रे! विसरलास ना?" डूई ओरडला. आवाजात संशयाचा मागमूस नव्हता.

नादीन वर्लनकडे बघत राहिली.

"विसरलो," वर्लन ओरडला.

"आता वय झालं, मिस्टर वर्लन!" मार्कस म्हणाला, आणि पुन्हा तेच हसू. इतकी वर्षं ते हसू वर्लनच्या बोटीत असायचं. आपल्या हाताने आपण त्या दोघांना वर्षभर पुरेल असा किस्सा दिला, हे त्याला कळलं.

त्याने आपल्या दोरीचं आमिष सोडवलं आणि बोट पलीकडे नेली.

"हे घे. चालू आहे. मघापासून याच्यावरच लागतायत."

"आणि तू?"

"माझ्याकडे आहे अजून एक. घे ना, डूई."

डूईने ते झेललं, बोटाने गळाची धार पाहिली आणि मान हलवली.

"बघ, याला म्हणतात माणूस," तो मार्कसला म्हणाला. मग त्या पोराची काठी ओढून घेत तो स्वतः गाठ मारू लागला. "तूच टाक. तुला पहिला मासा मिळू दे."

नादीनने मोटर चालू केली आणि बोट परत आपल्या काठाकडे वळवली.