शापित अभ्रे

गावोगाव उतारे करत फिरणाऱ्या माईने बाटलीतून फवारा मारला आणि धाकटीचा पांढराशुभ्र रुमाल सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गडद गुलाबी झाला. इस्पितळाच्या तळघरातला तो धुलाईखाना. पंधरा बायका एकदम मागे सरकल्या.

"सावली!" माई किंचाळली. "आत सावली बसलीय! हे सत्याचं पाणी आहे, बायांनो. निर्मळ बाईचं कापड पांढरंच राहतं!"

धाकटीला रडू फुटलं. थोरलीने तिला जवळ ओढलं. धाकट्या जावेला माईपुढे तीच घेऊन आली होती. महिनाभर पोर कानात सांगत होती, "जाऊबाई, पातळ पाणी जातं हो. मासळीसारखा वास येतो. कुणाशेजारी बसवत नाही." त्यात पाचवा महिना, आणि पहिलं बाळ सातव्यातच हातचं गेलेलं. डॉक्टरीणबाई अठरा पायऱ्या वर बसत. पण त्या काळी असलं दुखणं बाई नवऱ्यालाही सांगत नसे.

माईने दुसरी बाटली उघडली, चार थेंब शिंपडले. रुमाल पुन्हा पांढरा!

"पाहिलंत? हे उताऱ्याचं पाणी. एकवीस दिवस पिचकारीने आतून घ्यायचं."

"माझा पण बघा की," म्हणत धुलाईखान्याच्या मुकादमाने ऐटीत रुमाल पुढे केला. तोही गुलाबी.

"अगंबाई! मुकादमांना बायकांचं दुखणं!"

बायका खिदळल्या. मुकादम मात्र असा हादरला की त्याने सत्याच्या पाण्याची अर्धी बाटली घटाघटा घशात ओतली. "आतूनच शुद्ध झालेलं बरं," तो ओठ पुसत म्हणाला. "चव वाईट नाही."

माईला आता चेव आला. बाटली हिसकावून तिने पुरुषांच्या वॉर्डातल्या अभ्र्यांच्या चळतीवर फवारा मारला. सगळे अभ्रे गुलाबी!

"तिथेही सावली फिरतेय!"

"तिथे?" इस्त्रीवाली म्हणाली. "तिथे सगळे हर्नियावाले आहेत."

थोरली हसली नाही. एकोणीस वर्षं सोड्याच्या हौदात हात घातलेली बाई ती. शेवटी सोडा काढणाऱ्या आंबट पाण्याची टाकी सोमवारपासून गळत होती, म्हणून कपडे त्या पाण्यातून न काढताच वाळत पडत होते. सोडा कापडातच राहत होता. आणि सगळे आपापले रुमालही त्याच हौदात बुडवून घेत. तिने उताऱ्याची बाटली हुंगली. टाकीत ओततात तोच सिरका!

तिने कोऱ्या ताग्याची पट्टी फाडली. "माई, ही निर्मळ आहे का बघा."

फवारा. पट्टी पांढरी.

"निर्मळ!" माई म्हणाली.

थोरलीने तीच पट्टी सोड्यात बुडवली, माईच्या हातातली बाटली घेऊन पुन्हा फवारा मारला. गुलाबी. वर सिरका ओतला. पांढरी. "आता सांगा, ही पट्टी इतक्यात कुठे जाऊन पाप करून आली?"

माईला अचानक दुसऱ्या गावचं बोलावणं आठवलं.

दुपारी थोरली धाकटीचा हात धरून अठरा पायऱ्या चढली. सगळं ऐकून डॉक्टरीणबाईंनी सत्याच्या पाण्याच्या बाटलीचा वास घेतला. "हे कुणी प्यायलं का?"

"मुकादम. जेवणापासून चौथ्यांदा संडासात गेलेत."

बाईंना हसू आवरेना. "दारूत विरघळवलेल्या जुलाबाच्या गोळ्या आहेत या! सोडा लागला की गुलाबी, सिरका लागला की रंग गेला."

मग त्यांनी धाकटीला तपासलं, नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. "आत चांगले जंतू असतात, ते आपला आंबटपणा आपणच राखतात. ते कमी झाले की दुसरे माजतात. वास त्यांचा. आतून धुतलंस तर उरलेले चांगलेही जातील, म्हणून पिचकारी बंद. सात दिवस गोळ्या, सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर. पोटुशीलाही चालतात. गोळ्या नको असतील तर आत लावायचं मलमही असतं. वास गेला म्हणून मध्येच सोडायचं नाही. अंगावर काढलंस तर कळा लवकर येण्याचा धोका वाढतो. आणि पुन्हा झालं तर पुन्हा ये. पुष्कळजणींना होतं."

"म्हणजे मी घाणेरडी नाही?" धाकटीने विचारलं.

"तू आजारी आहेस. घाणेरडी नाहीस."

धाकटीला नववा भरून मुलगी झाली. थोरलीने तिच्यासाठी लंगोट शिवले ते शापित म्हणून बाजूला पडलेल्या त्या गुलाबी अभ्र्यांचेच, सिरक्यातून काढून पांढरे केलेले.

बायांनो, वास येतो तो जंतूंचा, पापाचा नव्हे. कुणी बाटली घेऊन आलं तर आधी कोऱ्या कापडावर, मग तेच सोड्यात बुडवून मारून बघा. आणि मग लाज खालीच ठेवून जिना चढा.