सैल गाठी

मी कापसाच्या गाठी दाबणारं यंत्र बोलतोय. बोलताना करकरतो, त्याबद्दल राग मानू नका. बरेच दिवस तेल मिळालेलं नाही आणि डोक्यात विचारही फार झालेत.

माझा जन्म इथला नाही. इथे राज्य करणाऱ्यांच्या देशात मला ओतलं, रंगवलं आणि जहाजात घातलं. त्यांच्या इंजिनिअरने मला या शेडमध्ये उभं केलं. माणसांना माझे भाग त्याने नुसत्या नंबरांनी शिकवले. ‘सतरा पुसा, चाळीसला तेल घाला.’ कोणता भाग काय करतो, हे विचारायचं नाही.

माझं काम एकच. बायका पेटीत कापूस पायांनी तुडवायच्या आणि मी वरून दाबायचो. खोलीभर कापूस ट्रंकेएवढा व्हायचा. जितकी घट्ट गाठ, तितका जहाजात जास्त माल. रूळ आमच्या दारातून थेट बंदराला जातात. शेजारच्या गावाला जायला मात्र चिखलाची पायवाट आहे. काही महिन्यांनी त्याच कापसाचं कापड बंदरावर येई आणि बायका दुकानाबाहेरूनच ते बघून परतत.

मग खांबावरचा झेंडा बदलला. सगळे नाचले. इंजिनिअर सामान बांधून निघाला, तेव्हा शेडमधला आमचा मिस्त्री त्याच्यामागे धावला. “साहेब, भागांची वही तरी ठेवा!”

“ती कंपनीची आहे,” तो म्हणाला आणि वही घेऊन गेला.

तिसऱ्या वर्षी माझं सतरा नंबरचं चाक तुटलं. मॅनेजर आता आपलाच माणूस होता. पूर्वी तो इथेच कारकून होता, म्हणून बायका त्याला शाईवाले साहेब म्हणतात.

“चाक बाहेरून मागवावं लागेल,” ते म्हणाले. “पण पैसे त्यांच्या चलनात भरायचे आणि ते चलन सरकारकडे शिल्लक नाही.”

“मग ते मिळतं कसं?” आक्काने विचारलं. ती मिस्त्रीची थोरली बहीण. कापूस तुडवणाऱ्या चाळीस बायकांची मुकादम.

“गाठी विकून.”

“आणि गाठी बांधायच्या कशाने? तुमच्या डोक्याने?”

मिस्त्री म्हणाला, “मी ओततो चाक.”

“तू? माझ्या घराचं दार तुला सरळ बसवता आलं नाही!”

“दार सरळच आहे, आक्का. भिंत वाकडी आहे तुझी.”

त्याने तुटक्या चाकाचा वाळूत साचा घेतला आणि जुन्या कठड्याचं लोखंड ओतलं. पहिलं चाक दुपारपर्यंत फुटलं. दुसरं टिकलं, पण पूर्ण दाब दिला की तडकेल, अशी भीती होती. म्हणून मी हळूच दाबू लागलो. दगडासारख्या गाठी बांधणारा मी, आता उशा बांधत होतो. लाज वाटायची.

बंदरावर खरेदीदाराने गाठीत बोट खुपसलं. बोट आत गेलं. “जहाजातून हवा नेऊ का?” म्हणाला आणि त्याने सगळ्या गाठी परत पाठवल्या.

“उद्यापासून शेड बंद,” साहेब खाली मान घालून म्हणाले. बायका जागच्या जागी बसल्या. आक्का एका गाठीवर बसली. मग उठली आणि पुन्हा बसली.

“मऊ आहे की गं,” ती म्हणाली. “माझी सून नव्या दवाखान्यात जमिनीवर बाळंत झाली. खाटा आल्यात, पण गाद्या बाहेरून यायच्यात म्हणे. साहेब, गादीत काय असतं हो?”

“कापूस,” साहेब अगदी हळू म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गाठी उसवल्या. त्यांच्याच गोणपाटाच्या खोळी झाल्या. कापूस पिंजायला मिस्त्रीने एक यंत्र जुळवलं आणि त्यासाठी माझं ते चाक काढून नेलं. गाद्या डोक्यावर घेऊन बायका चिखलातून दवाखान्यात गेल्या. पाय घसरला की एकमेकींना शिव्या देत, हसत.

पण दवाखान्यातल्या खाटा काही रोज वाढत नाहीत. महिनाअखेर गाद्या पुऱ्या होतील. खरेदीदाराचं पत्र आलंय: नवं चाक देतो, पण पाच वर्षं कापूस आम्ही म्हणू त्या भावाने द्या. उत्तर उद्याच द्यायचंय.

मिस्त्री दोरी घेऊन माझे खांब मोजतोय.

“यातून सूत काढायच्या यंत्राचा सांगाडा निघेल, आक्का. पण हा एकदा मोडला, की परत जोडता यायचा नाही.”

“आणि सूत निघालं नाही तर?”

“तर गाठीही गेल्या.”

आक्काचा हात माझ्या अंगावर आहे. चाळीस घरांचं ओझं आहे त्या हातावर. मला भीती वाटत नाही असं नाही. पण आयुष्यभर मी नुसतं दाबलं. एकदा तरी धागा माझ्या अंगावरून धावू दे.

आक्का, मोड मला. ऐकू येतंय का?