दक्षिणेकडचे सहा खांब

धारवाडला मळमड्डीत विठ्ठलरावांचा दगडी बंगला आहे. शंभरेक वर्षांपूर्वी रेल्वेच्या कुठल्याशा साहेबानं बांधलेला. पुढं सहा गोल दगडी खांब, त्यावर त्रिकोणी कपाळ, कपाळावर दगडातच कोरलेली पानंफुलं. आणि एवढा सगळा थाट साहेबानं केला दक्षिणेकडं तोंड करून.

१९४८ साली विठ्ठलरावांच्या वडलांनी बंगला घेतला आणि पहिल्याच दिवशी ते दार खिळे ठोकून बंद केलं. दक्षिणेला यम असतो ना! तेव्हापासून तीस वर्षं हे घर उत्तरेकडनं, म्हणजे साहेबाच्या खानसाम्याच्या दारातनं ये-जा करतंय. कितीही मोठा पाहुणा येऊ दे, मोरीला वळसा घालूनच आत.

खांब मात्र वाया गेले नाहीत. पाच खांबांवर कुसुमाक्का, म्हणजे विठ्ठलरावांच्या बायको, गोवऱ्या थापतात. सहाव्याला म्हैस. म्हशीचं नाव मथुरा. इतका भारी पोर्च धारवाडात प्रोफेसरांनासुद्धा नाही.

मी त्यांच्या औटहाऊसमध्ये भाड्यानं राहायचो. मॅट्रिक नापास. नकाशे काढायला वाचनालयातल्या एका पुस्तकातनं शिकलो. पुस्तकाची निम्मी पानं फाटलेली होती, म्हणून मलाही निम्मंच येतं. पण हट्ट एकच. हुबळीला देशपांडे नगरात गुरुराज म्हणून आर्किटेक्ट होते, त्यांच्याकडं ड्राफ्ट्समन व्हायचं. दोनदा गेलो होतो. दोन्ही वेळा डिप्लोमा विचारला आणि दार दाखवलं.

अठ्ठ्याहत्तर साली विठ्ठलराव रिटायर झाले. त्याच महिन्यात त्यांच्या मेहुण्यानं विद्यानगरात नवा बंगला बांधला आणि ह्यांच्या पोटात दुखायला लागलं. मला बोलावलं.

"गोपाळ, आपल्याला उत्तरेला चार खांब पाहिजेत. सिमेंटचे. पुढच्यासारखे हुबेहूब."

"अण्णा, खांब आहेत की. दार तेवढं उघडा."

"आणि यम आत आला तर चहा तू देणार काय त्याला? गुमान नकाशा काढ. चांगला झाला तर गुरुराजला घेऊन येतो बघायला. शाळेत माझ्या बाकावर बसायचा तो."

मी यमाचा नाद सोडला.

पाच खांबांवर गोवऱ्या, म्हणून सहावाच मोजला. दिवसा मथुरा चरायला जायची, तेव्हा. तीन दिवस लागले. वर किंचित निमुळता खांब, आणि खालनं दोन फुटांवर गोल फिरलेली एक खाच. गुळगुळीत, नाजूक. मी तर हरखलोच. काय नजर त्या साहेबाची! पुस्तकात अशी खाच कुठं नव्हती, पण ती फाटक्या पानांत असणार.

चार सिमेंटचे खांब उभे राहिले. खाच मी मुद्दाम जरा ठसठशीत करून घेतली. वर आकाशी ऑइलपेंट, तो अण्णांच्या पसंतीचा.

एका रविवारी संध्याकाळी गुरुराज सर आले. "बर्री, बर्री, या," करत अण्णांनी त्यांना खांबांपुढं नेऊन उभं केलं. सर वाकले. खाचेतनं बोट फिरवलं.

"हे काय आहे? कुणी काढलं?"

मिस्त्रीवर ढकलता आलं असतं. तो अळणावरला गेला होता. पण खाचेचा अभिमान मला.

"मी, सर."

"कुठनं आणलंस?"

मी नकाशा काखेत मारला आणि त्यांना दक्षिणेकडं नेलं. मथुरा नुकतीच परत आली होती. कुसुमाक्कांनी तिची साखळी सहाव्या खांबाला टाकली. साखळी खर्रकन घसरली आणि बरोब्बर त्या खाचेत जाऊन बसली. मथुरा खांबाभोवती एक फेरी मारून आली. साखळी खाचेतनं अशी फिरली, जशी विहिरीच्या रहाटावर दोरी.

तीस वर्षं. मथुरा, तिची आई, तिची आजी.

कुसुमाक्का शांतपणे म्हणाल्या, "मला वाटलं हे आणखी चार म्हशी घेणार. म्हणूनच तशी सोय केलीय ना रे, गोपाळ?"

सर जोत्यावर बसूनच हसले. डोळे पुसले, परत हसले. आपलं देशपांडे नगर संपलं, मी मनात म्हटलं. मग त्यांनी माझ्या काखेतला नकाशा ओढून घेतला, आणि हसू हळूहळू थांबलं.

"इकडं खाच पाऊण इंच. मागं अर्धाच इंच का?"

"मागं कमीच होती, सर."

त्यांनी उठून मागं बोट घातलं. कमीच होती.

"माझ्याकडं तीन डिप्लोमावाले आहेत," ते म्हणाले. "खांबाजवळ न जाता खांब काढतात. सोमवारी ये. जुन्या इमारती मोजायच्यात. मात्र एक अट. स्वतःच्या डोक्यानं तू काहीही बांधायचं नाहीस."

"हौद्री, होय सर," मी म्हटलं.

अण्णांना हे अजून पटलेलं नाही. खाच विलायतीच आहे, असं ते सगळ्या मळमड्डीला सांगतात. मेहुण्यानं ते ऐकलं. गेल्या महिन्यात तो ऑफिसात आला, त्याला पण तसेच खांब पाहिजेत, खाचेसकट. सरांनी कोरा कागद माझ्या टेबलावर ठेवला.

मेहुण्याकडं म्हैस नाही, दूध बाटलीतनं येतं. मी खाच चारी बाजूंनी सारखी काढली.