छत्तिसावा फोटो

"हाड! ऊठ की बाबा, सायकली यायल्यात!"

दौलताबादच्या घाटातल्या एका वळणावर राजकुमार साळवे सकाळी साडेसातपासून एका कुत्र्याशी भांडत होता. स्पर्धेतल्या सायकली जिथून वळणार, बरोबर तिथंच ते पसरलं होतं. जागा त्यानं आदल्या दिवशी येऊन हेरून ठेवलेली. ऊन कुठून येतं, चढावर मान खाली घालून आलेला सायकलवाला चेहरा कधी वर करतो, सगळं बघून. सव्वीस वर्षं गळ्यात कॅमेरा बाळगलेल्या माणसानं चांगली जागा निवडली, की तिथं कुत्रं आडवं असायचंच, असं त्याचं आपलं एक मत होतं.

कुत्रं उठलं एकदाचं. आणि सायकलींच्या आधी आला तो ऋतुराज. मोटरसायकलवर उलटं तोंड करून बसलेला, हातात ती पांढरी लांबलचक लेन्स.

"काका, जागा लई भारी पकडली!" जाता जाता ओरडला आणि पुढं निघूनही गेला.

राजकुमारच्या पोटात आग पडली. नवीन नव्हती ती. दोन वर्षांपासून, म्हणजे हा तिशीतला ऋतुराज जगदाळे शहरात कामं घ्यायला लागल्यापासून, ती पडायचीच. स्पर्धा तीच, फोटोग्राफर दोघे, पण त्याला मोटरसायकल आणि शेवटच्या रेषेवरची जागा, आणि राजकुमारला वळण आणि कुत्रं! लेन्सचा हेवा वाटायचा हे तर झालंच, पण त्याच्या गुडघ्यांचासुद्धा वाटायचा. पोरगा कुठंही टुणकन् बसायचा आणि टुणकन् उठायचा. राजकुमार बसला की उठताना कुणाचा तरी खांदा लागायचा.

फ्रीलान्स म्हणजे काय, असं बायकोनं, मंजुषानं, लग्नानंतर विचारलं होतं तेव्हा त्यानं ऐटीत सांगितलं होतं, "कुणाचा नोकर नाही." आता तो म्हणायचा, "कुणाचाच नाही." गुलमंडीतल्या दुकानाच्या साड्या, पैठणच्या मागावरची पैठणी, शाळांची गॅदरिंगं, अपघातात ठोकलेल्या गाड्या विम्यासाठी, बारशी, उद्घाटनं. बोलावलं की जायचं, झालं की यायचं, आणि फोटोखाली नाव शोधायचं नाही.

त्यात एकच काम असं होतं, जे त्याला आपलं वाटायचं.

हर्सूलच्या पुढं फुलंब्री रस्त्याला काकासाहेब औताडे नावाच्या बिल्डरची सात मजली इमारत उठत होती. तिचा दर महिन्याच्या पाच तारखेला सकाळी आठ वाजता एक फोटो काढायचा, एवढंच काम. पण तो एकाच जागेवरून निघाला पाहिजे. म्हणजे सगळे फोटो एकामागं एक दाखवले की रस्ता, झाड, विजेचा खांब जागचे हलणार नाहीत आणि मधली इमारत तेवढी वाढत जाईल. समोरच्या गोजरबाईंच्या गच्चीवर राजकुमारनं ती जागा पक्की केली होती. कॅमेऱ्याच्या तिकाटण्याचे तीन पाय जिथं टेकतात तिथं मंजुषाच्या नेलपॉलिशचे तीन लाल ठिपके. असे पस्तीस फोटो झाले होते. छत्तिसावा, इमारत पुरी झाल्याचा, तेवढा राहिला होता. त्या एका फोटोवर त्याचा जीव अडकला होता. आयुष्यात एक तरी काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्या हातचं असावं, बस्स.

खुलताबादला स्पर्धा संपली. पोहे खाताना ऋतुराज शेजारी येऊन बसला.

"काका, एक विचारायचं होतं. औताडेंच्या बिल्डिंगचा शेवटचा फोटो मला काढायला सांगितलाय. वरून ड्रोननं पण आणि तुमच्या जागेवरून पण. ती जागा कुठली, तेवढं सांगाल?"

राजकुमारनं पोह्यांची ताटली खाली ठेवली.

"तुला? कोण म्हणलं?"

"काकासाहेबच. मी म्हणलं साळवेकाकांचं काम आहे ते. तर म्हणले, एकाच माणसाकडून दोन्ही उरकून घेऊ." ऋतुराज जरा ओशाळला. "तुम्हाला फोन आला असंल ना त्यांचा?"

फोन कुठला यायला! पण तसं सांगायचं म्हणजे या पोरासमोर नागडं व्हायचं. राजकुमार हसला. दात दिसले एवढंच.

"व्हय, आला होता. गोजरबाईंच्या गच्चीवर जा. तीन लाल ठिपके आहेत. त्यावर पाय ठेव, खांब इमारतीच्या डाव्या अंगाला सुटला पाहिजे, झालं."

"थँक्यू काका. दुसरा कुणी असता तर सांगितलं नसतं."

हे शेवटचं वाक्य त्यानं बोलायला नको होतं. घाट उतरताना राजकुमारच्या डोक्यात तेच घुमत राहिलं. जळत होता तो, सरळ सांगायचं तर. घरी आला आणि मंजुषाच्या कपाटातून बाटली उचलली.

"परत नेलपॉलिश? अजून किती बिल्डिंगी बांधताय?" मंजुषा म्हणाली.

बाटली खिशात घालून तो बाहेर पडला.

गोजरबाई सत्तरीच्या, फुलंब्रीकडच्या, एकट्या राहायच्या. तीन वर्षांत त्यांनी त्या ठिपक्यांना जपलं होतं. गच्चीला गळती थांबवायचा रंग मारायला माणूस आला तर तेवढी जागा सोडायला लावली होती. फोटोच्या वेळी त्यांचं वाळत घातलेलं लुगडं वाऱ्यानं मध्ये यायचं, तर त्या स्वतः ते गोळा करून धरायच्या आणि विचारायच्या, "निघाला का रं?" त्या दुपारी त्या खाली होत्या. राजकुमारनं किल्लीनं तिन्ही ठिपके खरडून काढले आणि दोन हात डावीकडं सरकून नवे तीन लावले. ओले ठिपके चकचकत होते. त्यानं त्यावर चिमूटभर धूळ टाकली, जुने दिसावेत म्हणून. सव्वीस वर्षांत कुणाचा एक फोटो त्यानं बिघडवला नव्हता.

पाच तारखेला संध्याकाळी इमारतीच्या आवारात पूजा, जेवण, मोठा पडदा. राजकुमारला बोलावणं होतं. नको नको म्हणत तो गेला. खरं तर त्याला खांब बघायचा होता.

दिवे मंद झाले आणि पडद्यावर फोटो सुरू झाले. आधी बाभळी आणि मोकळं रान. मग खड्डा, लोखंडी सळया, पहिला मजला, दुसरा. रस्ता जागच्या जागी, झाड जागच्या जागी, खांब डावीकडं ताठ उभा आणि मध्ये इमारत सरसर वर चाललेली. पस्तीस महिने अर्ध्या मिनिटात. राजकुमारला आपलंच काम असं सलग कधी दिसलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले. एकदा पाऊस होता, छत्री बांधून काढला होता. एकदा अंगात ताप होता. पण खांब केसभर हलला नव्हता!

आणि छत्तिसावा आला. झेंडूची तोरणं लावलेली इमारत, आणि खांबानं उडी मारली. डावीकडचा खांब टुणकन् इमारतीच्या छातीवर येऊन बसला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणाला काही कळलं नाही. काकासाहेबांनी तर शिट्टी मारली. मग पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं: सर्व छायाचित्रे, राजकुमार साळवे.

तो खुर्चीत तसाच बसून राहिला. ऋतुराज माणसांतून वाट काढत आला आणि त्याच्याजवळ उकिडवा बसला.

"काका, माफ करा. माझ्याकडनं काहीतरी चुकलं. ठिपक्यांवरच लावला होता हो, त्या भरवशावर खांब बघायचाच राहिला! दुपारी जोडायला बसलो तवा खांब दिसला. कंप्युटरवर खेचून बघितलं, पण तो काय हटंना. परत काढू म्हणलं तर काकासाहेब म्हणले, चालतंय, कोण बघतंय."

"आणि नाव? तुझं नाव कुठंय?"

"मीच नको म्हणलं. पस्तीस तुमचे आणि एक माझा, तो बी बिघडलेला. तुमच्या रांगेत कुठं बसायचं?"

आयुष्यात पहिल्यांदा फोटोखाली नाव आलं होतं राजकुमारचं. तेही नेमकं त्या खांबाखाली. जेवायला न थांबता तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी आठच्या आधी तो तिकाटणं खांद्यावर टाकून गच्चीवर चढला. गोजरबाई लुगडं वाळत घालत होत्या.

"ये," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी खरडलेस तवा जिन्यात होते मी. बघितलं सगळं."

"मग बोलल्या का नाही, आजी?"

"तुझं काम तुला ठावं, म्हणलं. मागनं तुझ्या जागी ते पोरगं आलं, त्याच ठिपक्यांवरनं फोटो काढला, जाताना पाया पडलं माझ्या. तवा कळलं काय झालंय ते." त्यांनी लुगड्याची घडी झटकली. "आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन, राजू. तुला शोभलं नाय हे."

राजकुमारनं मान खाली घातली. लाल ठिपक्यांच्या उजवीकडं, दोन हातांवर, खरडल्याचे तीन पांढुरके ओरखडे तसेच होते. त्यानं फोन लावला.

"ऋतुराज, ठिपके मी सरकवले होते. तुझं काही चुकलं नाही."



"का, काका?"

"जळत होतो."

फोन बंद झाला. राजकुमार कठड्याला टेकून उभा राहिला. आता हा सगळ्या शहरात सांगणार, आणि सांगावंच, असं त्याला वाटलं. चौथ्या मजल्यावर कुणीतरी राहायलासुद्धा आलं होतं. तोरणाशेजारी त्यांची चादर वाळत होती.

अर्ध्या तासानं ऋतुराज वर आला. हसला नाही. राजकुमारनं तिकाटण्याचे पाय त्या तीन ओरखड्यांवर टेकवले, दोनदा वाकून बघितले, गुडघ्यावर हात देत उठला आणि बाजूला झाला.

"तू काढ," तो म्हणाला.

 ऋतुराजनं आपला कॅमेरा चढवला आणि डोळा लावला.

"खांब बसला बरोबर," तो कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाला. "लुगडं मधी यायलंय."

गोजरबाई दोरीकडं निघाल्या. राजकुमारनं त्यांना हातानंच थांबवलं. दोरीपाशी गेला, ओलं लुगडं दोन्ही हातांनी गोळा करून छातीशी धरलं, आणि फोटो निघेपर्यंत तसाच उभा राहिला.