नदी परत देते

"मधात थांबला व्हता का, भाऊजी?" गोविंदानं काठावरून ओरडून विचारलं. डोंगा अजून पुरता वाळूला लागलाही नव्हता.

उमाजी ढिवरानं डोंगा वाळूला टेकवला. हातातलं वल्हं त्यानं तसंच घट्ट धरून ठेवलं.

"कुठं थांबला? माझी नजर त्याच्यावरच होती," ओव्हरसियर गुणवंतराव घड्याळातून मान वर न काढता म्हणाले. "वर गेला, झेंड्याला वळसा घातला, खाली आला. हात एकदाही थांबला नाही त्याचा."

"पन साहेब, काल तलावात तर लवकर आला व्हता. दोरी तीच, डोंगा तोच, मानूसबी तोच."

"मग? असंच व्हायला पाहिजे."

उमाजी डोंग्यातून उतरला आणि गुडघाभर पाण्यातच उभा राहिला.

"साहेब, पुन्ना सांगा."

"काय?"

"मी थांबलो नाई, ते."

पंचावन्न सालचा कार्तिक होता. वैनगंगेवर पूल बांधायचा म्हणून सरकारनं नदी मोजायला गुणवंतरावांना नागपूरहून धाडलं होतं. त्यांना एक डोंगा हवा होता आणि त्या डोंग्याची स्वतःची खरी चाल कळायला हवी होती. म्हणून आदल्या दिवशी त्यांनी उमाजीचा डोंगा बैलगाडीवर घालून गावच्या तलावात नेला. डोंगा गाडीत बसलेला पाहून आख्ख्या गावाला हसू आवरेना. तलावात दोरीनं अंतर धरून दोन लाल झेंडे रोवले आणि जाऊन-येऊन किती वेळ लागतो ते पाहिलं. आज त्याच दोरीनं नदीत झेंडे रोवले होते. आज बघायला फक्त गोविंदा आला होता, आणि तो हसायला आला नव्हता.

आमच्याकडे ढिवराचं, म्हणजे नावाड्याचं, पोर चालायच्या आधी एक गोष्ट शिकतं. नदी जाताना जे घेते, ते येताना देते. वर जाताना हात दुखले तर येताना आराम मिळतो; फिटंफाट. ही म्हण कोणी तपासून पाहिली नव्हती. म्हणी तपासायच्या असतात असं आमच्या गावात कोणाला वाटतही नाही.

याच म्हणीनं उमाजीचं घर मोडलं होतं.

चार वर्षांपूर्वी भादव्यात त्याच्या सोमारीला ताप चढला. एकुलती एक पोर. दुसऱ्या दिवशी तिला झटके येऊ लागले. सरकारी दवाखाना नदीनं वरच्या अंगाला होता आणि नाले भरल्यामुळं पायवाट बंद होती. उमाजी भल्या पहाटे एकटाच डोंगा घेऊन निघाला. एरवी उन्हाळ्यात तो दवाखान्याच्या गावी जाऊन दुपारच्या जेवणाला घरी असे. त्या दिवशी तो औषधाची बाटली छातीशी धरून आला, तेव्हा दिवेलागण झाली होती. बायको भागीरथा दारात बसली होती. पोर दुपार कलताना गेली होती.

मयताच्या घरात लोकांना बोलायला काहीतरी लागतंच. गोविंदा हा भागीरथेचा सख्खा भाऊ. बहिणीचं दुःख त्याला बघवेना. तो म्हणाला, "पूर असला म्हनून काय झालं? जाताना उशीर, तर येताना तेवढाच लवकर. मंग बाकीचा टाइम गेला कुठी?"

वाटेवर मंगरूची मोहाची भट्टी होती. उमाजी बाजाराच्या दिवशी घेत असे, हेही खरं. गावाला तेवढं पुरलं. आगीशिवाय धूर निघत नाही म्हणे.

भागीरथेनं एकदाच विचारलं, "कुठी थांबले व्हते?"

"कुठीच नाई," तो म्हणाला. पण मग एवढा वेळ गेला कुठं, हे त्यालाही सांगता येईना. तोही त्याच म्हणीवर वाढलेला. रात्रंदिवस तो ती वाट आठवून पाही. कुठं डोळा लागला का? कुठं दम खायला टेकलो का? शेवटी शेवटी त्याला वाटू लागलं, थांबलोच असेन.

भागीरथेनं पुन्हा विचारलं नाही, भांडली नाही, माहेरीही गेली नाही. फक्त नवऱ्याच्या डोंग्यात बसणं तिनं सोडलं. पैलतीरी जायचं झालं तर पैसे देऊन वारलूच्या डोंग्यात बसे. ढिवराची बायको दुसऱ्याच्या डोंग्यात! उमाजी काठावर जाळं झटकत ते बघे. माणसाला मारायला कुऱ्हाडच लागते असं नाही.

"हे पाहा," गुणवंतराव आता वाळूत बसून सांगू लागले. "समज, नदी तुझ्याइतक्याच जोरानं धावू लागली. तू वर जायला वल्हं मारतोयस. कुठं पोचशील?"

"कुठीच नाई. जागीच राहीन."

"दिवसभर मारलंस तर?"

"तरी जागीच."

"मग अशी नदी येताना तुला काय देणार? वर जाताना तू जास्त वेळ पाण्यात, म्हणून ती तुला जास्त वेळ मागं ओढते. येताना तू चटकन येतोस; तिला द्यायला सवडच मिळत नाही. घेतलेलं सगळं नदी कधीच परत देत नाही, उमाजी. पुरात तर नाहीच नाही."

उमाजीनं गोविंदाकडे पाहिलं. गोविंदा पायानं वाळू उकरत होता.

"चाल," उमाजी म्हणाला. "तुया बहिनीले तूच सांग."

भागीरथा अंगणात धान पाखडत होती. गोविंदानं अडखळत सगळं सांगितलं. उमाजी कुडाच्या भिंतीशी उभा होता. त्याला वाटलं होतं, ती त्याच्याकडे बघेल. चार वर्षं तो त्या एका नजरेची वाट पाहत होता.

सूप तिच्या हातात तसंच राहिलं.

"म्हंजे हे थांबले नवते."

"नाई बाई. माहंच चुकलं."

"मंग त्या दिशी कोनीबी गेलं असतं, तरी सोमारी…"

गोविंदानं मान खाली घातली.

"मी रोज तिले वाचवत व्हती रे," भागीरथा म्हणाली. "रोज मनात म्हनो, हे भट्टीवर नाई थांबले, दुपारीच आले, पोरीच्या तोंडात दवा पडली, ती उठून बसली. चार सालं वाचवली मी तिले. आता कशी वाचवू?"

आणि ती रडली. पोर गेली त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती. उमाजी जवळ जाऊन बसला. निर्दोष सुटल्याचं सुख त्याच्या वाट्याला आलंच नाही.

"थांबलो व्हतो असंच समज," तो हळूच म्हणाला. "मले बोल. मले सवय हाये."

तिनं नाही म्हणून मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घाटावर आली. वारलूनं सवयीनं डोंगा पुढं केला. ती त्याच्यासमोरून गेली, लुगडं सावरून उमाजीच्या डोंग्यात बसली आणि म्हणाली, "वरतं चला."

कुठं, हे त्यानं विचारलं नाही. वरच्या वळणावर, उंच काठावर आंजनाचं झाड होतं. त्याच्या बुडाशी सोमारीला पुरलं होतं. पोरीला ठेवल्यापासून दोघं मिळून तिथं कधी आले नव्हते.

"इथी थांबा थोडं," झाडासमोर येताच भागीरथा म्हणाली.

उमाजीनं वल्हं उचललं. लगेच डोंगा मागं सरकू लागला, झाड पुढं जाऊ लागलं. तिनं घाबरून काठाकडे हात केला.

त्यानं वल्हं पुन्हा पाण्यात घातलं. जेवढा नदीचा जोर, तेवढाच तो लावत राहिला. जास्त नाही, कमी नाही. त्याच्या खांद्यांवरून घाम वाहू लागला आणि डोंगा त्या झाडासमोर जागीच उभा राहिला.